‘फौजेत जात नसते’ म्हणणाऱ्यांसाठी थोडं लांबलचक उत्तर

मुठेकाठचा
काल एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "फौजेत जात-धर्म-प्रांत काही नसतं. वर्दी हीच जात. विषय संपला." खाली बदामांचा पाऊस. संपला असेल तर मराठा, महार, जाट, राजपूत, डोगरा ही पलटणींची नावं कुठून आली? इंग्रजांच्या फौजेचा सरसेनापती रॉबर्ट्ससाहेबाने ‘लढाऊ जमाती’ ठरवल्या, त्याची पाटी अजून दारावर आहे. ज्या समाजातून बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ आले, त्याच महारांची भरती 1892 मध्ये बंद केली. 1917 साली माणसं कमी पडली तेव्हा ‘111 महार’ नावाची पलटण उभी केली, 1921 ला मोडून टाकली. 1941 ला परत आठवण झाली, महार रेजिमेंट काढली.

आता गंमत बघा. याच महार रेजिमेंटचे दोन अधिकारी लष्करप्रमुख झाले, कृष्णराव आणि सुंदरजी. एक तेलुगू, एक तमिळ. दोघंही मोठे सेनानी, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण शिपाई जातीच्या नावाखाली भरायचा आणि साहेबाची खुर्ची ‘सर्वांसाठी खुली’ म्हणायची, तर त्या खुर्चीपर्यंत पोचतं कोण हे विचारायचंच नाही का? आजवर एकही मुसलमान लष्करप्रमुख झाला नाही, एवढं म्हटलं तरी लोक पाकिस्तानचं तिकीट काढून देतात.

निवृत्त_कर्नल
ते सद्गृहस्थ मीच. 1971 चं बांगलादेश युद्ध आठवतंय का? लष्करप्रमुख माणेकशॉ पारशी, पूर्व आघाडीचे प्रमुख अरोरा शीख, त्यांचे चीफ ऑफ स्टाफ जेकब ज्यू. हवाईदलाचे लतीफ 1978 ते 1981 प्रमुख होते, पुढे आपल्याच राज्याचे राज्यपाल झाले. लष्करप्रमुख रॉड्रिग्ज मूळ गोव्याचे ख्रिस्ती. लष्करप्रमुख झालेले नरवणे पुण्याचे, पण कमिशन मिळालं सिख लाइट इन्फंट्रीत. गुरुद्वाऱ्यात जवानांबरोबर मत्था टेकणारा अधिकारी मराठी की पंजाबी? मुसलमानांच्या परिस्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने फौजेतल्या मुसलमानांचे आकडे मागितले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. व्हायलाच हवा होता. खंदकात डोकी मोजायची नसतात.

मुठेकाठचा
माणेकशॉ, अरोरा, जेकब. सुखकर्ता, दुखहर्ता, वार्ता. दरवेळी हीच आरती. कर्नलसाहेब, पन्नास वर्षांपूर्वीच्या तीन नावांवर किती दिवस जेवायचं?

सुभेदार_कोरेगाव
रामराम. आमच्या भागात अपशिंगे आहे, नावातच मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसं गेली, दगडावर कोरलंय. जवान घरटी मिळंल. साहेब शोधायला लागतो. मी 28 वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली. मला साहेबाच्या जातीचं काही वाटलं नाही, चांगला साहेब कुठलाही चांगलाच. पण थोरला पोरगा लेखी पास होऊन एसएसबीला, म्हंजी साहेब निवडायच्या चाचणीला, गेला. पहिल्याच दिवशी चित्र दाखवत्यात 30 सेकंद, गोष्ट लिहायला 4 मिनिटं, मग ती चारचौघांत सांगायची. बाकीची पोरं फडाफडा इंग्रजी. हा म्हणाला, "आबा, गोष्ट डोक्यात होती, तोंडात यायच्या आत दुसऱ्यानं घेतली." संध्याकाळच्या गाडीनं परत. आता सांगा, ही जात न्हाई तर काय हाय?

कोथरूडची_काकू
सुभेदारसाहेब, याला तयारीचा अभाव म्हणतात, जात नाही. माझा मुलगा सातवीपर्यंत मराठी माध्यमात होता, आज कॅप्टन आहे. रोज संध्याकाळी आम्ही घरात फक्त इंग्रजी बोलायचो. भाजी-पोळीसुद्धा काट्याचमच्याने खायला लावली होती मी.

हडपसर_एक्सप्रेस
काट्याने पोळी 😂 काकू, हा पुरावा कुणाच्या बाजूचा झाला?

मुठेकाठचा
ज्या घरात आईबापाला संध्याकाळभर इंग्रजी बोलता येतं, त्या घरातलं पोर अधिकारी होतं. इतकंच म्हणतोय सकाळपासून.

कोथरूडची_काकू
म्हणजे आम्ही कष्ट केले हा गुन्हा? नवरा बँकेत कारकून होता माझा. दोन खोल्यांत राहून शिकवलंय. आला मोठा मोजमाप करणारा.

निवृत्त_कर्नल
देशातलं पहिलं सैनिक स्कूल साताऱ्यात, 1961. औरंगाबादला राज्य सरकारची एसपीआय आहे, 1977 पासून, गावच्या पोरांना एनडीएसाठी तयार करायलाच काढली. अजून काय करायचं, पंतप्रधानांनी घरी येऊन शिकवणी घ्यायची?

सुभेदार_कोरेगाव
साहेब, सैनिक स्कूल साताऱ्यात हाय, पण त्याच्या प्रवेशाचा क्लास पुण्यात हाय. तिथली फी विचारा.

नागपूरचा_संत्रा
सातारा-पुणे-सातारा. विदर्भ-मराठवाडा नकाशात आहे का तुमच्या? हवाईदलप्रमुख झालेले नाईक आमच्या नागपूरचे, विवेक राम चौधरी नांदेड जिल्ह्याचे. त्यांची नावं घ्यायला जीभ जड होते का?

हडपसर_एक्सप्रेस
तुम्ही जनरल मोजत बसा. 2022 ला जवानांच्या भरतीची अग्निपथ योजना आली, ‘ऑल इंडिया ऑल क्लास’ म्हणजे जात-प्रांत न बघता भरती म्हणाले, झाली की समता! चार वर्षांनी चारातले तीन घरी. माझा भाऊ त्यातच आहे. लग्नाच्या स्थळाकडचे विचारतात, "पर्मनंट आहे का?"

निवृत्त_कर्नल
अग्निपथचा वेगळा धागा काढा. इथे नको.

हडपसर_एक्सप्रेस
का? तो जवान म्हणून?

निवृत्त_कर्नल
भाषा सांभाळा. मी जवानांचे मृतदेह स्वतः त्यांच्या घरी पोचवलेत. एकाच्या आईने माझ्या शर्टाचं बटण पकडून ठेवलं होतं, अर्धा तास. मला जवान शिकवू नका.

मुठेकाठचा
कर्नलसाहेब, त्याबद्दल कुणीच काही म्हणत नाहीये. तुम्ही चांगले अधिकारी असणार, हे मी अगदी नाइलाजाने मान्य करतो. माझा प्रश्न तसाच आहे.

निवृत्त_कर्नल
कोटा येता कामा नये, यावर मी मरेपर्यंत ठाम. इंग्रजीचं म्हणाल तर अर्धं मान्य. माझ्या तुकडीतला सर्वांत हुशार पोरगा कोकणातला होता, मेसमध्ये पहिले सहा महिने तोंड उघडलं नाही त्याने. आम्ही त्याला घुम्या समजायचो.

मुठेकाठचा
अर्धं! स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

सुभेदार_कोरेगाव
धाकट्याचं एसएसबीचं बोलावणं आलंय, पुढच्या महिन्यात भोपाळ. काकू, राग मानू नका, तो आठवडाभर तुमच्याकडं येऊन बसला तर चालंल का? पोळी हातानंच खातो.

कोथरूडची_काकू
पाठवा. पण माझ्याशी इंग्रजीतच बोलायचं, हे आधीच सांगून ठेवा. आणि कोट आहे का त्याच्याकडे? माझ्या मुलाचा 38 नंबरचा पडून आहे.