विषय: रविवारचा मेळावा पुढे ढकलावा का? (उलटे घड्याळ आणि ०.६३४)

प्रेषक: गावभागचे दादा

नमस्कार मंडळी,

रविवारी सकाळी सांगलीच्या विश्रामबागेतल्या कार्यालयात आपल्या सर्वांच्या आई-वडिलांचा जो मेळावा ठरला आहे, तो एक आठवडा पुढे न्यावा अशी माझी विनंती आहे. गेल्या चार दिवसांत ज्या संकेतस्थळाचा दुवा आपल्यापैकी बहुतेकांना आला, त्यावरचे उलटे घड्याळ शनिवारी मध्यरात्री शून्यावर येते. त्या पानावर कोणाचे नाव नाही की पत्ता नाही. दिवस, तास, मिनिटे, सेकंद उतरत असतात, त्याखाली १ − (१ − प)^न हे सूत्र आणि ०.६३४ हा आकडा आहे, आणि मागे एका पुलाचे धूसर चित्र. तो कृष्णेवरचा आयर्विन पूलच आहे असे आई म्हणते, आणि तो तिने आयुष्यभर रोज पाहिलेला आहे. कोयना धरणाचे पाणी चढते आहे, पाऊस थांबलेला नाही, आणि आईने कालच धान्याचे डबे एकेक करून माळ्यावर चढवले. शंभरात त्रेसष्ट इतका पुराचा धोका सांगितला जात असताना ऐंशीच्या घरातल्या माणसांना रिक्षात घालून आणणे मला पटत नाही.

प्रेषक: खजिनदार

दादा, आपली काळजी समजते; परंतु कार्यालयाची अनामत भरून झाली आहे आणि गुरुवारनंतर ती परत मिळणार नाही. सत्तर पानांचे जेवणही सांगितले आहे. कोजागिरीच्या वेळी तारीख बदलल्यावर काय झाले ते सर्वांना आठवत असेलच. ज्यांना ते सूत्र कळते त्यांनी बुधवार रात्रीपर्यंत स्पष्ट लिहावे. तात्या सध्या सांगलीतच आहेत, त्यांनी लिहिले तर बरे होईल.

प्रेषक: कराडच्या मावशी

खजिनदारांनी अनामतीचा विषय काढला म्हणून लिहिते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. घरातली भांडी फळीवरून कोसळली, वडिलांनी आम्हा भावंडांना अंगणात ओढून आणले, आणि थोड्या वेळाने धरण फुटल्याची आवई उठली. अंगावरच्या कपड्यांनिशी आम्ही आगाशिवाच्या वाटेला लागलो. शेजारची एक बाळंतीण थंडीत दिवसभर डोंगरावर बसून राहिली आणि पुढे महिनाभर तापाने अंथरुणाला खिळली. धरणाला तडे गेले होते, त्याचे मजबुतीकरण नंतर करण्यात आले, परंतु धरण फुटले नव्हते. आमच्या गल्लीत त्या दिवशी जे सोसावे लागले ते भूकंपापेक्षा आवईमुळे अधिक. म्हणून पैशाचा विचार मागे ठेवावा, पण खरे काय ते आधी शोधावे.

प्रेषक: तात्या, विश्रामबाग

सप्रेम नमस्कार. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत हे सूत्र मी वर्षानुवर्षे वापरले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी घड्याळाविषयी. आज मंगळवारी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी माझ्या मोबाइलवर ४ दिवस १३ तास २० मिनिटे उरली होती. त्याच क्षणी मी लंडनला पुतण्याला झोपेतून उठवून ते पान उघडायला लावले, तर त्याच्याकडे ४ दिवस १७ तास ५० मिनिटे दिसत होती. हा साडेचार तासांचा फरक म्हणजे सध्याच्या दोन्हीकडच्या घड्याळांतला फरक. याचा अर्थ असा की ते पान ज्याच्या त्याच्या यंत्राला वेळ विचारते आणि त्याच्या त्याच्या मध्यरात्रीपर्यंत मोजते. मी मोबाइलची तारीख हाताने एक दिवस पुढे केली, तर एक दिवस लगेच कमी झाला. कृष्णेला पूर यायचा झाला तर तो सांगलीत आधी आणि लंडनच्या माणसासाठी साडेचार तासांनी, असा दोनदा येणार नाही.

आता ०.६३४. ज्या पुराची शक्यता कोणत्याही एका वर्षात शंभरात एक असते, त्याला आम्ही शंभर वर्षांचा पूर म्हणतो. तो एका वर्षात न येण्याची शक्यता ०.९९ असते, शंभर वर्षांत एकदाही न येण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा शंभरावा घात, तो येतो ०.३६६, आणि एकातून तो वजा केला की ०.६३४ उरतात. म्हणजे शंभर वर्षांत किमान एकदा असा पूर येण्याची ही शक्यता आहे. तीस वर्षांसाठी हेच गणित २६ टक्के येते, दहा वर्षांसाठी साडेनऊच्या आसपास, आणि एका वर्षासाठी केवळ १ टक्का. या आकड्यात नदीचेही काही विशेष नाही. सहा बाजूंचा फासा सहा वेळा टाकला तर किमान एकदा सहा पडण्याची शक्यता ६६.५ टक्के असते, दहात एक संधी दहा वेळा घेतली तर ६५.१, आणि ही संख्या वाढवत नेली तर उत्तर ६३.२ वर येऊन ठेपते. सूत्रात ‘प’ म्हणजे एका वर्षात पूर येण्याची शक्यता आणि ‘न’ म्हणजे वर्षांची संख्या आहे, तारखेला त्यात जागाच नाही. ज्याने ते सूत्र घड्याळाखाली लावले, त्याने दोन असंबद्ध गोष्टी एकत्र ठेवल्या आहेत.

प्रेषक: सचिव

तात्यांचे आभार. मात्र पूरविषयक सूचना या यादीवर सचिवांमार्फतच याव्यात असे आपण २०१९ च्या पुरानंतर ठरवले होते, याची सर्वांना आठवण करून देते. त्या वेळी एकाच दिवशी पाणीपातळीचे वेगवेगळे आकडे यादीवर फिरले आणि घरचे लोक घाबरून गेले.

प्रेषक: गावभागचे दादा

सचिवताई, नियम मान्य आहे आणि दुवा मी न विचारता पुढे पाठवायला नको होता. तात्या, घड्याळाचे म्हणणे पूर्ण पटले, परंतु शंभरात एक हा आकडा पटत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सतरा वर्षांच्या आत आमच्या दारात आले. २०१९ ला आयर्विनखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या दिवशी आईला होडीतून बाहेर काढले तेव्हा तिच्या हातात देवघरातला पितळी बाळकृष्ण आणि औषधांची पिशवी एवढेच होते.

प्रेषक: तात्या, विश्रामबाग

दादा, आपला आक्षेप अगदी बरोबर आहे. प्रत्येक वर्ष मागच्या वर्षापासून स्वतंत्र आहे आणि ‘प’ कायम तेवढाच राहतो, असे ते सूत्र गृहीत धरते. पाऊस कमी दिवसांत जास्त पडू लागला, नदीकाठी बांधकामे वाढली, धरणांतून पाणी केव्हा आणि किती सोडायचे यावर पातळी ठरू लागली, की ‘प’ बदलतो. आपण मांडलेला धोका खरा आहे, पण तो मोजायचा तर पुलावर. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. माझी सूचना अशी की शनिवारी संध्याकाळी पाणी ३५ फूट किंवा त्याहून जास्त असेल, किंवा कोयनेचा विसर्ग वाढवल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले, तर मेळावा रद्द करावा. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीत लगेच पोहोचत नाही, त्यामुळे निर्णयाला वेळ मिळेल. विश्रामबाग उंचावर असले तरी गावभागातून येणाऱ्यांना परत जायचे आहे, हे धरूनच ३५ म्हटले आहे. पातळी मी पाहीन आणि सचिवांना कळवीन.

प्रेषक: खजिनदार

ही अट मान्य असल्यास गुरुवारी मी कार्यालयाला होकार देतो. शनिवारी रद्द झाल्यास अनामत मंडळाच्या आकस्मिक निधीतून जाईल, त्याविषयी कोणी हरकत घेऊ नये.

प्रेषक: गावभागचे दादा

माझी हरकत नाही. आईशी बोललो. ती येईल, मात्र जेवण झाल्यावर दुपारी तीनच्या आत तिला कोणीतरी मारुती चौकापर्यंत सोडावे. डबे ती माळ्यावरून इतक्यात उतरवणार नाही.