छोटे ठोकळे, मोठी जाहिरात: जाणकारांचं नाक मुरडणं रास्त आहे का?

षड्जपंचम (धागाकर्ता)

"नो हाइज, नो लोज, मस्ट बी बोस" ही तुकबंदी ऑडिओच्या नादिष्टांमध्ये जगभर चालते. वरचे सूर नाहीत, खालचेही नाहीत, म्हणजे बोस या अमेरिकी कंपनीचा स्पीकरच असणार, असा तिचा अर्थ. ज्यांनी हौसेनं बोसचा लाइफस्टाइल संच घेतला त्यांना हे झोंबतं. माझं म्हणणं असं की बोलण्याची तऱ्हा वाईट असेल, पण मुद्दा खरा आहे.

१९८७ साली बोसचा अकूस्टिमास ५ हा स्पीकरसंच बाजारात आला. तळहातावर मावतील असे ठोकळे, आणि सोफ्यामागे लपवायची एक बासपेटी. १९९० पासून हीच कल्पना लाइफस्टाइल या नावानं विकली गेली. ठोकळ्यात अडीच इंची कोन (हवा हलवणारा शंकू), वेगळा ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) नाही. या कोनाचं हवा ढकलणारं क्षेत्रफळ साधारण २० चौरस सेंटिमीटर. साडेसहा इंची वूफरचं (खालच्या सुरांच्या स्पीकरचं) १३० च्या आसपास. आणि एक सप्तक खाली उतरलं की तेवढ्याच जोराच्या आवाजासाठी चौपट हवा हलवावी लागते.

गणित करून बघा. कोनाची चाल दोन्ही बाजूंना २ मिलिमीटर धरली आणि ठोकळा भिंतीला लावला, तर १ मीटरवर २०० हर्ट्झला जास्तीत जास्त ९२ डेसिबल मिळतात, १०० हर्ट्झला ८०. साडेसहा इंची वूफर ४ मिलिमीटर चालला तर १०० हर्ट्झलाच १०३. म्हणजे ठोकळ्याला २०० च्या खालचं सगळं काम बासपेटीकडे सोपवावंच लागतं. तिथेच गोची आहे. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही, म्हणून सबवूफर कुठेही ठेवला तरी बहुतेक वेळा खपून जातं. २०० ला ते स्पष्ट कळतं.

शिवाय या संचांबरोबर फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा, म्हणजे कोणता सूर किती जोरात वाजतो त्याचा, आलेख दिला जात नाही. एवढे पैसे मोजणाऱ्याला तो मिळायलाच हवा.

दिवाणखाना

तुलनाच चुकते आहे. तुमचा साडेसहा इंची स्पीकर स्टँडवर, भिंतीपासून दोन फूट पुढे, कानाच्या उंचीला असेल तर तुमचं गणित लागू. पण १० बाय १२ च्या हॉलमध्ये तो जातो शोकेसच्या कप्प्यात, कोपऱ्यात, बाससाठी हवा जाण्या-येण्याचं मागचं भोक फळीला चिकटून. मग डग्ग्याचा प्रत्येक ठोका "बूम" होतो. त्यापेक्षा भिंतीवर ब्रॅकेटनं लावलेला ठोकळा बरा, कारण तो भिंतीला लागूनच वाजेल असं धरून त्याची रचना केलेली असते.

आणि अमर बोस हे जाहिरातवाले नव्हते. एमआयटीत शिकवणारे प्राध्यापक होते, कंपनी १९६४ ची. १९६८ च्या ९०१ या स्पीकरमध्ये नऊ कोन होते, त्यातले आठ मागच्या भिंतीकडे तोंड करून, आणि सोबत वेगळा इक्वलायझर (सुरांची पातळी कमी-जास्त करणारं यंत्र). सभागृहात बहुतेक आवाज भिंतींवरून परतून कानी येतो, त्या निरीक्षणावर ही रचना उभी होती. पटो न पटो, पण त्यामागे विचार होता.

मंद्रसप्तक

दिवाणखाना, ९०१ वर वेगळा धागा काढू. इथे प्रश्न ठोकळ्यांचा आहे. ठोकळे आणि पेटी यांच्यातला २०० हर्ट्झचा हा सांधा आपल्या गाण्यात कुठे पडतो ते सांगते, कारण पाश्चात्त्य चाचण्यांत हे कुणी बघत नाही.

पुरुष गायक काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गातोय असं धरा. मध्य षड्ज १३९ हर्ट्झ, तार षड्ज २७७. तीव्र मध्यम १९६, पंचम २०८. म्हणजे सांधा बरोबर तीव्र मध्यम आणि पंचमाच्या मध्ये येतो. सा रे ग म यांचे मूळ नाद सोफ्यामागच्या पेटीतून, प ध नी यांचे समोरच्या ठोकळ्यांतून. यमनची सरळ आरोही तान घेतली की गळा एकाच सप्तकात खोलीची एक बाजू सोडून दुसऱ्या बाजूला जातो. तानपुऱ्याची जोड १३९ ला, खर्ज ६९ ला, दोन्ही पेटीत. त्यांचे वरचे अंश, म्हणजे मूळ नादाबरोबर उमटणारे त्याच्या पटीतले सूर, मात्र समोर.

बायकांचं गाणं यातून बऱ्यापैकी सुटतं. काळी चारचा षड्जच २०८ ला आहे, त्यामुळे मध्य आणि तार सप्तक पूर्णपणे ठोकळ्यांत राहतं. दुकानातल्या डेमोला बाईचा आवाज आणि सिनेमातले स्फोट लावले तर हा दोष झाकलेलाच राहील. म्हणून ऐकायला जाताना खर्जात विलंबित गाणाऱ्या पुरुषाचं ध्वनिमुद्रण बरोबर न्या.

जवारी

मंद्रसप्तक, मांडणी छान आहे पण तानपुऱ्याचं उदाहरण कच्चं आहे. जवारीमुळे, म्हणजे घोडीवरच्या दोऱ्यानं तारेला येणाऱ्या झणकारामुळे, तानपुऱ्यात मूळ नादापेक्षा वरचे अंशच ठळक असतात. मूळ नाद गाळला तरी कान अंशांवरून तो स्वर जुळवून घेतो. जुन्या लँडलाइन टेलिफोनवर ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही, तरी बापयाचा आवाज बापयाचाच वाटतो. दिशासुद्धा कान मुख्यतः वरच्या अंशांवरूनच ठरवतो. तेव्हा गाणं खोलीभर उड्या मारत नाही, स्वर जागच्या जागी राहतात.

मंद्रसप्तक

स्वर ओळखू येतो, मान्य. आवाजाचं वजन येत नाही. टेलिफोनवरचा आवाज ओळखीचा असतो, भरदार नसतो.

तानपुरा सोडा, डग्गा घ्या. तळहाताच्या टाचेनं पुडी दाबत काढलेला घिस्सा खालून वर सरकतो. त्याच्या मूळ नादात फार अंश नसतात, त्यामुळे कानाला आधाराला दुसरं काही मिळत नाही. पेटी आणि ठोकळे यांच्यात खड्डा असेल तर घिस्सा मध्येच बारीक होतो आणि पुढे परत उगवतो. हे ऐकायला मीटर लागत नाही.

सोल्डरिंग

आवाजाबद्दल पुरेसं झालं, दुरुस्तीचं बोलतो. सुट्या भागांच्या संचात ॲम्प्लिफायर गेला तर तेवढाच बदलतो. लाइफस्टाइलच्या अनेक पिढ्यांत सगळ्या ठोकळ्यांचे ॲम्प्लिफायर बासपेटीतच आहेत आणि मुख्य यंत्रापासून पेटीपर्यंत कंपनीची खास अनेक पिनांची केबल जाते. पेटीतला पॉवर सप्लाय बसला की पाचही ठोकळे मुके, आणि ती पेटी बाजारातल्या दुसऱ्या रिसीव्हरला सरळ जोडता येत नाही. सुटे ठोकळे दुसऱ्या ॲम्प्लिफायरला लावायचे तर खालचे सूर अडवणारा फिल्टर लागतो. तो नसेल तर अडीच इंची कोन पूर्ण बास झेलायला जातो आणि व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) जळते.

कोकणात, मुंबईत आणखी एक: कोनाची कड फोमची असेल तर दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो. हे सगळ्याच कंपन्यांना लागू आहे, एकट्या बोसला नाही. घेताना कड रबराची आहे का ते बोटानं चाचपून बघावं.

आंधळी चाचणी

नादिष्टांनी स्वतःच्या कानांवर फार भिस्त ठेवू नये. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली हरमन या स्पीकर कंपनीत केलेला प्रयोग बघा. चार स्पीकर, तेच ऐकणारे. एकदा पडद्याआड, एकदा उघड्यावर. त्यात प्लास्टिकचा, स्वस्त, छोटे ठोकळे आणि सबवूफर असा एक संच होता. पडद्याआड त्याला चांगले गुण मिळाले. दिसायला लागल्यावर त्याचे गुण घसरले आणि मोठ्या महागड्या स्पीकरांचे वाढले. ऐकणारे रोज स्पीकरांतच वावरणारे लोक होते.

नाक मुरडण्यातला बराचसा भाग डोळ्यांचा आहे. जे लोक ऑक्सिजनविरहित तांब्याच्या केबलवर स्पीकरइतके पैसे घालतात, त्यांनी दुसऱ्याला जाहिरातीला भुलला म्हणणं मला पटत नाही.

षड्जपंचम

केबलबद्दल शंभर टक्के सहमत. पण तुमचा प्रयोग माझ्याच बाजूनं बोलतो. छोटा संच नीट बनवला तर चांगला वाजतो हे त्यात सिद्ध झालं. म्हणजे आकार हा बहाणा नाही. चार-पाच इंची वूफर आणि वेगळा ट्वीटर घातलेला ठोकळा १०० च्या आसपासपर्यंत उतरू शकतो आणि सांधा ऐकू न येणाऱ्या जागी जातो. अडीच इंचाचा हट्ट दिवाणखान्याच्या सजावटीसाठी आहे.

वरच्या टोकालाही तेच. ५ सेंटिमीटरचा कोन साधारण ७ किलोहर्ट्झच्या पुढे आवाज टॉर्चसारखा एका रेषेत फेकू लागतो. समोर बसलेल्याला टाळ ऐकू येतात, सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला त्यांची धार जाणवत नाही.

नादिष्टांच्या मनात अजून एक सल आहे. १९७० मध्ये कन्झ्यूमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक मासिकानं ९०१ बद्दल लिहिलं की वाद्यांचे आवाज खोलीत भटकल्यासारखे वाटतात. बोसनं खटला भरला. आवाज खोलीभर नव्हे, भिंतीच्या कडेनं सरकतो, अशा शब्दांवर कोर्टात खल झाला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मासिकाच्या बाजूनं निकाल दिला. परीक्षण पटलं नाही म्हणून कोर्टात जाणं या मंडळींना आजही खटकतं.

दिवाणखाना

सजावटीसाठी असेल तर काय बिघडलं? घर स्पीकरसाठी नसतं, घरात माणसं राहतात. आणि तुम्ही एक गोष्ट गाळताय. लाइफस्टाइलमधल्या ॲडॅप्टआयक्यू या सोयीमध्ये डोक्याला मायक्रोफोनचा हेडसेट लावून पाच जागी बसून मोजमाप होतं आणि संच त्या खोलीपुरता सुधारून घेतला जातो. सुटे भाग घेणारे कितीजण असं मोजतात? बहुतेकांच्या घरी रिसीव्हरबरोबर आलेला माइक खोक्यातच पडून असतो.

सोल्डरिंग

दुरुस्ती उंचवटे कापते, खड्डे भरत नाही. १२ फुटी भिंतींमध्ये ४७ हर्ट्झला आणि १० फुटी भिंतींमध्ये ५६ ला खोली घुमते. तिथे आवाज उतरवता येतो, उत्तम होतं. पण १५० ते २०० मध्ये कोनाची ताकदच संपली असेल तर इक्वलायझरनं ढकलून फक्त फरफर वाढते.

नवाखरेदीदार

वाद कळला. घरात असा संच आधीच असेल तर काही करता येतं का? विकायचा नाहीये.

सोल्डरिंग

येतं, आणि बराच फरक पडतो.

पेटी सोफ्यामागून काढा. २०० हर्ट्झची तरंगलांबी १.७ मीटर, तिचा पाव भाग ४३ सेंटिमीटर. पेटी समोरच्या ठोकळ्यांच्या जितकी जवळ, तितका सांधा कमी जाणवतो. टीव्हीखाली, मधोमध ठेवा. कोपऱ्यात ठेवू नका. पेटीचं भोक भिंतीपासून वीतभर लांब हवं. ठोकळे शोकेसमधून काढून बसलेल्या कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण ९५ ते १०० सेंटिमीटरवर, भिंतीलाच लावा. भिंतीचा आधार त्यांना खालच्या सुरांत हवाच आहे. दोन ठोकळ्यांची जोडी असेल तर वरचा तुमच्याकडे वळवा. पेटी कोपऱ्यातून निघाली की बास कमी वाटेल. लगेच बटण फिरवू नका, दोन दिवस कान बसू द्या. तरीही पातळ वाटला तर एकेक घर वाढवा.

मोजायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, माइक युमिक-१ पुरतो. माइक डोक्याच्या जागी, पंखा बंद, स्वीप (खालून वर सरकत जाणारा चाचणीचा सूर) २० ते २०,००० हर्ट्झ. आलेख १/१२ सप्तकानं गुळगुळीत करा आणि १०० ते ४०० मधलाच भाग मोठा करून बघा. आधी पेटी जुन्या जागी असताना एक स्वीप घ्या, मग नव्या जागी दुसरा.

मंद्रसप्तक

आणि दुसरा संच शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर पिंक नॉइज (सगळ्या सप्तकांत सारखा जोर असलेला खळखळाट) लावून दोन्हीचा आवाज एकाच फोनच्या मीटरनं, एकाच जागी, अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवून घ्या. एक डेसिबल जोरात वाजणारा संच कानाला बहुतेक वेळा चांगलाच वाटतो. दुकानात हे जुळवलेलं नसतं.

आंधळी चाचणी

ऐकताना मध्ये पडदाही टाका. नवाखरेदीदार, दोन्ही स्वीपचे आलेख इथे टाकलेत तर खड्डा खरंच किती खोल आहे ते सगळ्यांना दिसेल. तो ३ डेसिबलचा निघाला तर माझं म्हणणं टिकतं, १० चा निघाला तर षड्जपंचम यांचं.