मदत हवी आहे: नॉर्न मॉडेलमधली गळती फॉल्टमधून की शेलमधून?

नमस्कार मंडळी. नॉर्वेजवळच्या नॉर्न तेलक्षेत्राच्या खुल्या मॉडेलवर ओपीएम फ्लो (तेलसाठ्यातला प्रवाह मोजणारं मोफत सॉफ्टवेअर) वापरून एमटेकचा प्रकल्प करतोय. मूळ फाइलमधले फॉल्टचे (थर तुटून सरकलेत त्या भेगांचे) ट्रान्समिसिबिलिटी गुणक, म्हणजे फॉल्टमधून प्रवाह किती जाऊ द्यायचा ते आकडे, उत्पादनाचा इतिहास जुळवून बसवलेले आहेत. मला ते भूशास्त्रावरून काढायचेत: शेल गाउज रेशोवरून (सरकलेल्या थरांत शेल, म्हणजे चिकणमातीचा खडक, किती आहे त्यावरून) फॉल्टखडकाची पारगम्यता, आणि थर जितका सरकलाय त्याच्या साधारण साठावा-सत्तरावा हिस्सा ही फॉल्टची जाडी.

अडचण अशी की जिथे गार्न हा वाळूखडकाचा थर फॉल्टपलीकडच्या इले या वाळूखडकाच्या थरासमोर येतो, तिथल्या विहिरीत पाणी फार उशिरा येतं. जाडी दहापट कमी केली की पाणी वेळेवर येतं, पण शेजारच्या विहिरीचा दाब बिघडतो. बरं, गुणक तसेच ठेवून या दोन थरांमधल्या नॉट शेलची उभी पारगम्यता वाढवली तरी जवळपास तोच परिणाम! ग्रिड (मॉडेलचे ठोकळे, म्हणजे सेल) याहून बारीक करणं शक्य नाही, व्यावसायिक सॉफ्टवेअरही नाही.

फॉल्टमधली गळती आणि शेलमधली गळती वेगळी ओळखायला आधी काय पाहावं: आरएफटीचे (विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर मोजलेले) दाब की ट्रेसर (पाण्याचा माग काढायला त्यात मिसळतात ते द्रव्य)? आणि पूर्ण फॉल्टला एकच गुणक न देता सेलच्या प्रत्येक फेसला (बाजूला) वेगळा दिला, तर तो फॉल्टपलीकडच्या असमान थरांच्या जोडण्यांनाही लागू होतो का?