व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्चांचा खरंच काही उपयोग झाला का?

रानवाट:
सध्या व्हिएतनाम युद्धावर वाचतेय आणि एका जागी अडकलेय. १५ नोव्हेंबर १९६९ ला वॉशिंग्टनमध्ये पाच लाखांच्या आसपास माणसं जमली होती. तरी युद्ध थांबवण्याच्या पॅरिस करारावर सह्या व्हायला २७ जानेवारी १९७३ उजाडलं. मधल्या तीन वर्षांत हजारो अमेरिकन सैनिक मेले, व्हिएतनामी माणसं तर त्याच्या कितीतरी पट. मग एवढे मोर्चे काढून मिळालं काय? आमच्या सरांचं म्हणणं असं की पोरांना सैन्यात जायची भीती होती म्हणून ती रस्त्यावर आली, सक्तीची भरती थांबली आणि आंदोलनही विझलं. मला हे पटत नाहीये, पण खोडून काढायला हाताशी काही नाही. त्या काळात तिथे असलेलं कुणी इथे आहे का?

उत्तररात्र:
मी होतो. १९६८ च्या ऑगस्टमध्ये एम.एस. करायला इंडियाना राज्यात गेलो. तेव्हाची वही अजून जवळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१ डिसेंबर १९६९, सोमवार. वसतिगृहाच्या तळमजल्यावर एकच टीव्ही होता. फुटबॉलचा सामना असला की तिथे कान बधिर व्हायचे. त्या रात्री साठ-सत्तर पोरं बसली होती आणि खिडकीखालच्या रेडिएटरची टकटक ऐकू येत होती. पडद्यावर एक उंच काचेची बरणी, तिच्यात ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या, प्रत्येक कुपीत वर्षातली एक तारीख. १९४४ ते १९५० या सालांत जन्मलेल्या मुलांना कोणत्या क्रमाने सैन्यात बोलवायचं, ते ही बरणी ठरवणार होती. पहिली कुपी फोडली, १४ सप्टेंबर निघाला. दुसरी २४ एप्रिल. तिसरी ३० डिसेंबर.

आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक मुलगा राहायचा, ३० डिसेंबरचा. तो काही बोलला नाही. हातातला कागदी ग्लास त्याने सावकाश चुरगळला, खिशात घातला आणि जिना चढून वर गेला. दोन पावलांवर कचऱ्याचा डबा होता. त्याने तो ग्लास खिशात का घातला असेल, हा विचार माझ्या मनातून पंचावन्न वर्षांत गेलेला नाही.

माझ्या रूममेटचा नंबर तीनशेच्या पुढे आला. (त्या सोडतीत १९५ च्या वरच्या कुणाला बोलावलंच नाही. हे पुढे कळलं, पण तीनशेच्या पुढचा सुटला हे त्या रात्रीच सगळ्यांना ठाऊक होतं.) आता तुमच्या सरांचा हिशेब त्याला लावून बघा. भीती संपली, मग त्याने गप्प अभ्यासाला बसायला हवं होतं.

३० एप्रिल १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सन टीव्हीवर आले आणि कंबोडियात फौजा घुसवल्याचं सांगितलं. ४ मे रोजी शेजारच्या ओहायोत, केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याने, विद्यार्थ्यांवर गोळीबार केला. तेरा सेकंदांत ६७ गोळ्या, चार ठार, नऊ जखमी. मेलेल्या चौघांपैकी दोघं तर निदर्शनांत नव्हतीच, एका तासाहून दुसऱ्या तासाला निघाली होती. त्या आठवड्यात देशभर कॉलेजं बंद पडली. ९ मेच्या सभेसाठी माझा रूममेट रात्रभर बसचा प्रवास करून वॉशिंग्टनला गेला. तिथे लाखभर माणसं होती. यातून त्याला स्वतःसाठी काय मिळणार होतं?

मी गेलो नाही. विद्यार्थी व्हिसावर होतो, नाव कुठे नोंदलं गेलं तर परत पाठवतील ही धास्ती. त्याला पीनट बटरची सहा सँडविचेस करून मेणकागदात गुंडाळून दिली, एवढाच माझा सहभाग. त्याची खंत आहे आणि राहील.

उपयोगाचं म्हणाल तर एकच गोष्ट सांगतो. १९६९ च्या उन्हाळ्यात निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी हनोईला, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या सरकारला, आतून धमकी दिली होती की १ नोव्हेंबरपर्यंत वाटाघाटी पुढे सरकल्या नाहीत तर जबर तडाखा देऊ. त्याचे आराखडे तयार होते. मध्येच १५ ऑक्टोबरला मोरॅटोरियम, म्हणजे देशभरचा निषेध दिन, झालं, गावोगाव लोक कामं सोडून बाहेर पडले. तो हल्ला झाला नाही. त्या निदर्शनांमुळे आपल्या धमकीत दम उरला नाही, असं निक्सननीच पुढे आत्मचरित्रात लिहिलंय. टळलेल्या बॉम्बहल्ल्याची तारीख इतिहासाच्या पुस्तकात येत नाही, म्हणून तुमच्या वर्गात ती कुणी काढली नसेल.

साधासरळ:
अनुभव वाचून गलबलून आलं. तरीही थोडा विरोध नोंदवतो. केंट स्टेटनंतरच्या गॅलपच्या जनमत चाचणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांनाच दिला, गार्डला फक्त ११ टक्क्यांनी. ८ मेला न्यूयॉर्कमध्ये बांधकाम मजुरांनी निदर्शकांना भर रस्त्यात मारलं. १९७२ ला निक्सननी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली. लोक युद्धाला कंटाळले होते हे खरं, पण मोर्चेवाल्यांवर त्याहून जास्त चिडलेले होते. त्यामुळे मोर्चांनी युद्ध लांबलं असंही म्हणता येईल. याचं उत्तर द्यायला हवं.

काळी शाई:
साधासरळ, आकडे बरोबर आहेत. पण चीड मजुरांना का आली तेही बघा. कॉलेजात नाव असलं की भरतीतून सवलत मिळायची. ज्यांच्या घरी कॉलेजचे पैसे नव्हते त्यांची पोरं आधी गेली. ज्याचा मुलगा तिकडे लढतोय, त्याला कॅम्पसवरची घोषणा कशी ऐकू येईल?

म्हणूनच मला एप्रिल १९७१ सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. व्हिएतनामहून परतलेले शेकडो सैनिक वॉशिंग्टनला जमले. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी जुन्याच गणवेशात. २३ तारखेला कॅपिटॉलसमोरच्या (संसद भवनासमोरच्या) कुंपणापाशी एकेक जण पुढे आला आणि आपलं पदक पलीकडे फेकून दिलं. यांना भरतीची कसली भीती? ते जाऊन आले होते. रानवाट, तुमच्या सरांना उत्तर द्यायला हे पुरेसं आहे.

आणि हे सगळं शेवटी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पोचलं. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईची मुभा देणाऱ्या टोंकिन ठरावाच्या वेळी सिनेटमध्ये विरोधात दोनच मतं होती, मोर्स आणि ग्रुएनिंग. त्याच काँग्रेसने १९७३ मध्ये बॉम्बफेकीचा पैसा तोडला आणि १५ ऑगस्टला कंबोडियावरची बॉम्बफेक थांबवायला लावली.

रानवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. सैनिकांचा मुद्दा उद्याच वर्गात मांडते. उत्तररात्र काका, विचारू की नको असं झालंय. त्या ३० डिसेंबरच्या मुलाचं पुढे काय झालं?

उत्तररात्र:
विचारलंत ते बरं केलंत.

आधी एक सांगतो. सोडतीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि रूममेटने वर्तमानपत्रातली यादी घेऊन प्रत्येक महिन्यातल्या तारखांच्या नंबरांची सरासरी काढली, स्लाइड रूलवर (आकडेमोडीच्या सरकपट्टीवर). जानेवारीची २०१ आली, डिसेंबरची १२१ आणि वर थोडं. आमची चूक झाली असेल म्हणून पुन्हा केलं. तेच उत्तर. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्याच नव्हत्या, त्यामुळे वर्षाअखेरच्या तारखा लवकर हाती लागल्या. ही गोष्ट पुढे छापूनही आली आणि पुढच्या वर्षी सोडतीची पद्धत बदलली. पण पहिली सोडत रद्द झाली नाही. आम्ही तो कागद त्याला कधी दाखवला नाही. दाखवून काय करणार होतो?

तो जून १९७० मध्ये पदवीधर झाला, सवलत संपली आणि पत्र आलं. १९७१ मध्ये गेला.

१९८५ ला कामानिमित्त वॉशिंग्टनला गेलो तेव्हा व्हिएतनाममध्ये मेलेल्या सैनिकांच्या स्मारकाच्या त्या काळ्या भिंतीपाशी गेलो होतो. ५८ हजार नावं वर्णक्रमाने नाहीत, माणसं ज्या क्रमाने गेली त्या क्रमाने आहेत, म्हणून आधी तिथल्या जाडजूड सूचीत फलक आणि ओळ शोधावी लागते. त्याचं नाव माझ्या छातीच्या उंचीला सापडलं. नावावर कागद धरून पेन्सिल घासली. हात थरथरत होता, पहिली दोन अक्षरं पुसट आली. दुसरा कागद घेता आला असता, घेतला नाही. तो वहीत आहे, १ डिसेंबरच्या पानात.