जेवणघर गडद रंगात करायचंय, एका भिंतीला वॉलपेपर पण. कोकणात टिकेल का?

गुहागरची_सून
नमस्कार मंडळी. आमचं गुहागरला चिऱ्याचं जुनं कौलारू घर आहे, माजघराच्या मागे जेवणघर, अंदाजे ११ बाय १२. टेबल फणसाच्या लाकडाचं, सासऱ्यांनी करून घेतलेलं, आता छान तपकिरी झालंय, ते कुठेही जाणार नाही. मला ही खोली पांढरी नकोच आहे, पांढऱ्यात ते टेबल उठूनच दिसत नाही. कोकमाच्या आगळासारखा काळपट लाल नाहीतर बॉटल ग्रीन, आणि एका भिंतीला मोठ्या पानांचा गडद वॉलपेपर असं डोक्यात आहे. सासूबाईंचं म्हणणं आधीच एक खिडकी, त्यात अजून काळोख कशाला. पश्चिमेच्या भिंतीला पावसात ओल येते, बाहेरून झापं बांधतो तरी येतेच. बाकीच्या भिंती बऱ्या वाटतात. पेंटर म्हणतो सगळं होतं ताई. कोकणातल्या घरात कोणी खरंच केलंय का, प्लीज सांगा, मुंबईच्या फ्लॅटचे अनुभव नकोत.

रंगकाम_चिपळूण
ताई, होतं, पण भिंत बघून होतं. जांभा, म्हणजे तुमचा चिराच, पाणी पितो आणि जमिनीतून ओल वर चढते, पाऊस संपला तरी भिंत आतून दोन-तीन महिने ओलीच असते, त्यामुळे दिवाळीच्या आधी काम घेऊच नका, जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. त्याआधी एक करा, प्रत्येक भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप मारून घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला आले तर ती हवेतली. भिंतीतली असेल तिथे वॉलपेपर अजिबात नाही. साधा व्हिनाईलचा पेपर भिंतीला श्वास घेऊ देत नाही, ओल मागे अडकते, खळीवर बुरशी धरते आणि ते तुम्हाला कडा सुटेपर्यंत कळतही नाही.
गडद रंगाचा दुसरा त्रास म्हणजे खार. ओल्या भिंतीला खार फुटतो, पांढऱ्या रंगात तो लपतो, बॉटल ग्रीनवर पिठाचा हात लागल्यासारखा लांबून दिसतो. म्हणून पश्चिमेची भिंत चुन्याच्या गिलाव्यावर चुन्याचाच हात मारून ठेवा, किंवा गिलावा काढून चिरा उघडा ठेवा. आणि गडद शेडमध्ये पांढरं पिगमेंट कमी असतं त्यामुळे ती झाकत नाही, खाली राखाडी प्रायमर मारायला सांगा आणि तीन हात धरा, दोनात होतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

देवगडचो
सासूबाईंचा म्हणणा खरा आसा, पण कारण येगळा. भिंती काळ्यो केल्यास तरी चालात, ताटात उजेड होयो. आमच्याकडे पेडवे, तारले, बारीक काट्यांची मासळी, म्हाताऱ्या माणसांका आणि पोरांका ते काटे दिसाक व्हये. दिवो टेबलापासून अडीच फूट वर टांगा, वरसून छताक नको. आणि पंखो मधी असलो तर दिवो पंख्याच्या वर लावू नका, पात्यांची सावली ताटात फिरता, जेवताना डोक्या दुखता. बल्ब पिवळो घेवा, २७०० केल्विनचो, पण खोक्यावर सीआरआय ९० (उजेडात रंग किती खरे दिसतत तो आकडो) लिवलेलो बघून, नायतर माशाचा तांबडा सार मातकट दिसता. आणि तो दिवो इन्व्हर्टरवर घाला, पावसात लाईट जाता तेवा गडद खोलीत काय्येक दिसाचा नाय.

पडवीतली_मी (सावंतवाडी)
वरच्या दोघांशी सहमत, फक्त चिऱ्याबद्दल थोडं जोरात म्हणते, तो उघडा ठेवाच!! अगं तुला हवा तो काळपट लाल रंग तुझ्या भिंतीतच आहे, त्यावर बॉटल ग्रीन इतका सुंदर दिसतो की वॉलपेपरची गरजही वाटणार नाही. चकचकीत वॉर्निश मात्र मारू नको, पाणी आत न घेणारं पण वाफ बाहेर सोडणारं सीलर मिळतं ते लाव.
आणि पानांचा पेपर सगळ्यांकडे दिसतो, आपल्याकडचं काहीतरी घे ना. आमच्या इथल्या गंजिफ्याच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या खेळाच्या पत्त्यांवरची वेलबुट्टी बघ, दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पत्ते, दहा अवतार, आणि काळ्या-लाल-हिरव्यावर ते पिवळं बारीक काम. सावंतवाडीच्या राजवाड्यात राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसल्यांनी १९७० च्या दशकात ही कला पुन्हा उभी केली म्हणून ती आज आपल्याला बघायला मिळते. तशी एक किनार हिरव्या भिंतीवर हाताने काढून घेतलीस तर तिला खळ नाही, बुरशी नाही, आणि कुठे उडाली तर तेवढीच भरता येते. काम करणारे कलाकार इथे आहेत.

गुहागरची_सून
किती छान सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. प्लॅस्टिक लावलं होतं. पश्चिमेला भिंतीकडून चक्क पाणी, माजघराकडच्या आतल्या भिंतीला काहीच नाही, बाकी दोन भिंतींना खालच्या हातभर भागात दमटपणा. म्हणजे पश्चिमेचा चिरा उघडा, दोन भिंती हिरव्या आणि खाली तीन-चार फूट चुना, हे ठरलं. किनारीचं सासूबाईंना फार आवडलं, त्यांनी लहानपणी गंजिफा खेळलेला बघितलाय. पण आतल्या भिंतीला पेपर मला हवाच आहे, खाली चार फूट लाकडी पट्टी करून वर सहा फूट. भिंत ११ फूट रुंद. रोल किती लागतील? आणि मासे तळल्याचा वास धरतो का?

रंगकाम_चिपळूण
आतली कोरडी भिंत असेल तर बिनधास्त. नॉन-वोव्हन बेसचा, वरून पुसता येणारा घ्या, गवताचा किंवा कापडी नको, तो वास आणि तेल दोन्ही धरतो. रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब येतो. ११ फुटाला सात पट्ट्या, डिझाईन जुळवताना वाया जातं ते धरून एका रोलमधून सहा फुटी चार निघतील, म्हणजे दोन रोल. खळ बुरशीरोधक मागा. दोन्ही रोलवर बॅच नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघून घ्या, गडद पेपरात बॅच बदलला की जोड लगेच दिसतो.