पुतण्याला अमेरिकेत कॉलेज फुटबॉल खेळायचंय, तिकडे पैशाचं नक्की काय चाललंय?

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ डॅलसजवळ फ्रिस्कोला असतो, त्याचा मुलगा अकरावीत आहे आणि शाळेच्या टीममध्ये लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू आहे. आपला फुटबॉल नाही, ते हेल्मेटवालं. पोरगं चांगलं खेळतं, रिक्रूटिंगच्या साइटवर पाचपैकी तीन स्टार आहेत म्हणे. तिकडे आता कॉलेजच्या पोरांना पगार सुरू झालाय असं मावशीने कुठल्याशा व्हिडिओत बघितलं, तेव्हापासून घरात तोच विषय.

पण प्रत्यक्षात उलटंच चाललंय. गेल्या वर्षी एका मोठ्या कॉलेजचा कोच दर आठवड्याला मेसेज करायचा, कॅम्पला बोलावलं, म्हणाला स्कॉलरशिप लगेच नाही पण वॉक-ऑन म्हणून ये, पुढच्या वर्षी बघू. आता तोच माणूस फक्त "ग्रेट फिल्म, कीप ग्राइंडिंग" (फिल्म म्हणजे पोराच्या खेळाचा व्हिडिओ) आणि एक मुठीचा इमोजी पाठवतो. भावाने तीन मेसेज मला फॉरवर्ड केले, तिन्ही अक्षरन् अक्षर सारखे, नावसुद्धा नाही. दुसरीकडे एक छोटं कॉलेज पूर्ण स्कॉलरशिप द्यायला तयार आहे पण पोराला तिथे जायचं नाहीये. एवढा पैसा आला तर पोराला मागणी वाढायला हवी ना? कमी कशी झाली? इथे तिकडचं फॉलो करणारे बरेच आहेत म्हणून विचारतोय.

हिंजवडी_नाइटशिफ्ट

क्लायंट ओहायोचा आहे त्यामुळे हा खेळ मला नाइलाजाने शिकावा लागला, आता सोडवत नाही. मागणी कमी झालीय ती हायस्कूलच्या पोरांची, आणि ती पैशामुळेच झालीय.

पूर्वी एनसीएएचा, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेचा नियम साधा होता, फी, राहणं, खाणं मिळेल, वर काही नाही. 2021 च्या जूनमध्ये ऑल्स्टन केसमध्ये सुप्रीम कोर्टात एनसीएए 9-0 ने हरली आणि 1 जुलैपासून पोरांना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमवायची मुभा मिळाली, त्यालाच एनआयएल म्हणतात. कल्पना अशी की पोरगं एखाद्या बुटाची नाहीतर पिझ्झाची जाहिरात करेल. झालं काय, तर पैसेवाले माजी विद्यार्थी आणि फॅन्स यांनी वर्गणी गोळा करून 'कलेक्टिव्ह' काढले आणि जाहिरातीच्या नावाखाली सरळ प्लेयर विकत घ्यायला लागले. मग हाउस केसची, म्हणजे खेळाडूंनी एनसीएएवर टाकलेल्या दाव्याची तडजोड जज क्लॉडिया विल्कन यांनी 6 जून 2025 ला मंजूर केली आणि 1 जुलैपासून कॉलेजच थेट पैसे द्यायला लागलं. 2025-26 साठी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरची मर्यादा, म्हणजे आपले एकशेऐंशी कोटींच्या आसपास, आणि मोठ्या ठिकाणी त्यातला बहुतेक पैसा फुटबॉललाच जातो.

आता तुमच्या पुतण्याचा मुद्दा. त्याच तडजोडीत टीमवर 105 ची मर्यादा आली. आधी स्कॉलरशिप 85 होत्या पण वर वॉक-ऑन कितीही ठेवता यायचे, मोठ्या टीममध्ये 120 च्या वर पोरं सहज असायची. आता 85 ची अट गेली, 105 च्या 105 जणांना स्कॉलरशिप देता येते, पण एकशेसहावा माणूस नाही. म्हणजे "ये, पुढच्या वर्षी बघू" ही जी जागा होती तीच उडाली. कोच वाईट नाहीये, त्याच्याकडे जागाच नाही.

आणि वर ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायचं असलेल्या खेळाडूंची यादी. 2021 पासून एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, 2024 पासून तर कितीही वेळा बदला, मार्क ठीक असले म्हणजे झालं. मग खिशात पैसे असलेला कोच सतरा वर्षाच्या पोराला तीन वर्षं घडवत बसेल की बावीस वर्षाचा, दोन सीझन खेळलेला तयार लाइनबॅकर उचलेल? इंडियानाचंच बघा, वर्षानुवर्षं मार खाणारी टीम. क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, टीमचा सूत्रधार) फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्निया विद्यापीठातून ट्रान्सफर होऊन आला, 2025 ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचं बक्षीस घेतलं आणि इंडियाना एकही मॅच न हरता चॅम्पियन. हे बघितल्यावर बाकीचे कोच काय करणार.

पेठेतला_प्रेक्षक

म्हणजे प्रो कबड्डीच झाली की सरळ. इराणच्या शादलूला पुणेरी पलटणने 2023 च्या लिलावात 2 कोटी 35 लाखाला घेतलं, आपण चॅम्पियन झालो, पुढच्या सीझनला तो हरियाणाकडे गेला, तिकडे ते चॅम्पियन. आपण बालेवाडीत घसा फोडून ओरडायचं आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाला शिव्या घालायच्या. यात नवीन काय? फक्त एक शंका, ही पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात तर डिग्री कुठली घेतात?

काळाकोट_शिवाजीनगर

नाही हो, कबड्डीसारखं असतं तर बरं झालं असतं. तिथे लिलाव उघड्यावर होतो, प्रत्येक टीमची पर्स सगळ्यांना माहीत असते आणि त्या सीझनपुरता करार पक्का असतो. इकडे कॉलेजं म्हणतात ही पोरं आमचे कर्मचारी नाहीत, त्यामुळे युनियन नाही, सगळ्यांना लागू असा एकच करार नाही, म्हणजे एका बाजूला विद्यापीठाचे वकील आणि समोर अठरा वर्षाचा मुलगा आणि त्याचे आईवडील. वाद कोर्टात जाणारच. जेडेन रशाडा नावाच्या क्वार्टरबॅकला फ्लोरिडाकडून खेळण्यासाठी 1 कोटी 38 लाख डॉलरच्या वर कबूल केले होते, ते मिळाले नाहीत म्हणून 2024 मध्ये त्याने कोच बिली नेपियर आणि इतरांवर केस टाकली. 2025 मध्ये विस्कॉन्सिनने मायामी विद्यापीठावर टाकली, का तर आमच्या करारातला खेळाडू तुम्ही पळवलात. एका कॉलेजने दुसऱ्या कॉलेजवर!

कर्वेनगरकर, तुमच्या भावाला सांगा की तोंडी आकड्यावर विश्वास ठेवू नका. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे त्याच कॉलेजला येईन असं सही केलेलं पत्र असायचं, ते ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झालं, आता स्कॉलरशिपचा कागद वेगळा आणि पैसे वाटून घ्यायचा कागद वेगळा. दुसऱ्या कागदात बायआउट असतो का बघा, म्हणजे मुलगा मधेच सोडून गेला तर त्याने किंवा नव्या कॉलेजने किती परत करायचे. दुखापत झाली तर हप्ते चालू राहतात का ते बघा, लाइनबॅकर आहे म्हणजे गुडघा आणि खांदा हे प्रश्न येणारच. बाहेरच्या कंपनीकडून 600 डॉलरच्या वरचं काही मिळालं तर ते एनआयएल गो नावाच्या यंत्रणेकडे नोंदवावं लागतं. आणि हे उत्पन्न सहसा फ्रीलान्सरसारखं धरतात, टॅक्स कापून येत नाही, वर्षअखेरीला स्वतः भरायचा असतो. पोरं गाडी घेऊन मोकळी होतात आणि एप्रिलमध्ये रडतात. एजंट म्हणून कोणी काका-मामा पुढे आला तर टक्केवारी आधी विचारा, एनएफएलमध्ये, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूंच्या युनियनने 3 टक्क्यांची मर्यादा घातलीय, कॉलेजमध्ये तशी सरसकट मर्यादा नाही.

ऑस्टिन_रिटर्न

छोट्या कॉलेजला नाक मुरडू नका एवढंच सांगतो. कॅम वॉर्ड हा टेक्सासचाच पोरगा, हायस्कूलमध्ये त्याला स्टारच नव्हते, कोणी विचारत नव्हतं, सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्डमधून सुरुवात केली जे तुमच्या त्या छोट्या कॉलेजसारखंच आहे, तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी आणि 2025 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात पहिला नंबर. मोठ्या कॉलेजात 98 व्या नंबरवर बाकावर बसून फिल्म तयार होत नाही. फिल्म मैदानावर उतरल्यावर तयार होते आणि पोर्टलमध्ये किंमत फिल्मला असते.

छोट्या कॉलेजांची मात्र वाईट अवस्था आहे, पोरगं घडवायचं यांनी आणि तिसऱ्या वर्षी उचलून न्यायचं बड्यांनी. तिथल्या कोचला मी भेटलोय, बोलताना हसतो पण आतून जळत असतो.

हिंजवडी_नाइटशिफ्ट

वॉर्ड क्वार्टरबॅक आहे राव, त्यांचं गणितच वेगळं. पण मुद्दा बरोबर आहे, लाइनबॅकरही असेच वर जातात, आकडा लहान असतो इतकंच. आणि पेठेतले, डिग्रीचं म्हणाल तर क्रेडिट ट्रान्सफर होताना गळतात, तो खरा तोटा आहे आणि त्यावर कोणी व्हिडिओ करत नाही.

टेनिसची_आई

विषय थोडा वेगळा पण विचारते. माझी मुलगी डेक्कनला टेनिस खेळते, पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या कॉलेजांना मेल करणार आहोत. हे पैसे तिलाही मिळतील का? तिचा एजंट म्हणतोय मिळतील.

हिंजवडी_नाइटशिफ्ट

ताई, एजंटला विचारा एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचं काय. कर्वेनगरकरांचा पुतण्या तिकडचा नागरिक आहे, त्याला अडचण नाही. एफ-1 वर परवानगीशिवाय काम करून पैसे घेतले तर व्हिसाच धोक्यात येतो. झॅक इडी म्हणून पर्ड्यूचा बास्केटबॉलवाला होता, कॅनडाचा, 7 फूट 4 इंच, दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू, आणि व्हिसामुळे त्याला अमेरिकन पोरांसारखं कमवता आलं नाही. स्कॉलरशिपला मात्र काही धोका नाही. ज्या कॉलेजांनी ही तडजोड स्वीकारलीय तिथे टेनिस टीमला 10 ची मर्यादा आहे आणि दहाही जणींना स्कॉलरशिप देता येते, पण कॉलेजकडे फुटबॉलचं भागवून पैसे उरले तर. काही कॉलेजांनी छोटे खेळ बंदच केलेत, तेव्हा मेल करायच्या आधी प्रत्येक ठिकाणी टेनिस शिल्लक आहे का ते बघा.

कर्वेनगरकर

सगळ्यांचे आभार. भावाशी बोललो. मोठ्या कॉलेजच्या कोचला सरळ विचारायचं ठरलंय की 105 मध्ये जागा धरलीय की नाही, आणि लाइनबॅकर पोर्टलमधून किती घेणार. पोराचं तोंड पडलंय पण कॅम वॉर्डचं सांगितल्यावर जरा ऐकून घेतलं. काळाकोट, छोट्या कॉलेजने कागद पाठवलाय, त्यात स्कॉलरशिप एक वर्षाची आणि पुढे 'रिन्यूएबल' असं लिहिलंय. हे नॉर्मल आहे का?

काळाकोट_शिवाजीनगर

नॉर्मल आहे, बरीच कॉलेजं वर्षावर्षाचीच देतात, पण चार वर्षांची मागायला काही हरकत नाही, जास्तीत जास्त नाही म्हणतील. रिन्यू कोण करतं आणि न करण्याचं कारण काय असू शकतं हे लेखी मागा. कोच बदलला तर काय, हेही विचारा, कारण तिकडे कोच पोरांपेक्षा जास्त नोकऱ्या बदलतात. कागदावरचं नाव-गाव खोडून मला मेसेज करा, आज रात्री जमणार नाही, उद्या बघते.