साय पातळ, संशय दूधवाल्यावर

(सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून)

ब-२०३ काकू: महिना झाला बघतेय, पातेल्यावर साय धरेना. पूर्वी आठवड्याच्या सायीत तुपाची बरणी अर्धी भरायची. दूधवाला नक्की पाणी घालतोय. सगळ्यांनी मिळून रतीब बंद करायचा का?

क-१०१: मी लॅक्टोमीटर, ती दुधाचा जडपणा मोजायची नळी, घालून बघितलं ओ काकू. २८ आलं. पाणी वाटत नाही.

अ-४०२ दादा: लॅक्टोमीटरवर जाऊ नका. फॅट पाण्यापेक्षा हलकी असते. साय काढून घेतली की डिग्री चढते, मग थोडं पाणी ओतलं की पुन्हा जागेवर येते. चोराला तेवढं कळतं. पण आधी त्याला विचारलं का, दूध कुठल्या जनावराचं आहे?

ब-२०३ काकू: विचारलं की. "म्हशी आटल्यात काकू, सध्या एचएफ गाईचं, त्या काळ्या-पांढऱ्या विलायती गाईचं, चालू आहे," म्हणाला. आणि दर तोच!

अ-४०२ दादा: मग पाणी शोधायलाच नको. मंगळवेढ्याला आमच्या वस्तीवर दोन्ही आहेत, धाकटा भाऊ बघतो. पंढरपुरी म्हशीला फॅट सातच्या आसपास लागते. एचएफला साडेतीन, फार तर चार. जर्सी पाचाच्या घरात. दूध संकलन केंद्रावर गाईच्या दुधाचा दरच ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) धरून ठरतो. तुमची बरणी निम्म्यावर येणारच होती काकू.

क-१०१: पण गाईचं म्हणता तर पिवळं कुठंय? आमच्या गावी जर्सीचं दूध हळद टाकल्यासारखं असायचं.

अ-४०२ दादा: पिवळेपणा चाऱ्यातल्या कॅरोटीन या रंगद्रव्याचा, फॅट किती आहे त्याचा नाही. जर्सीच्या दुधात ते जास्त उतरतं. म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून सात फॅट असून पांढरंशुभ्र. त्यात आता एप्रिल. वाळका कडबा खाऊन गाय पिवळं दूध कुठनं देणार? शिवाय ४२ डिग्रीत एचएफ जीभ बाहेर काढून उभी, खाणं कमी, फॅट आणखी घसरते.

ड-३०५ ताई (व्हेटर्नरीला आहे): फॅट किती याच्याबरोबर ती कसली, हेही जातीगणिक बदलतं. जर्सीच्या फॅटमध्ये छोट्या साखळीची आम्लं थोडी जास्त असतात आणि ओलिक हे मऊपणा देणारं आम्ल कमी, म्हणून लोणी जरा घट्ट. एचएफचं मऊ. पण खाद्य बदललं तर हा फरक सहज झाकला जातो. सरकी पेंड वाढवली की तूप रवाळ आणि कडक होतं. आणि डीजीएटी१ नावाचं एक जनुक आहे, १४ व्या गुणसूत्रावर. त्याचं फॅट वाढवणारं रूप आपल्या देशी गाईंत जवळजवळ सगळ्यांत सापडतं, एचएफमध्ये काहींतच.

क-३०३ आजोबा: मग खिलारचं लावा की! देशी ते देशी.

अ-४०२ दादा: आजोबा, खिलार औताचं आणि शर्यतीचं जनावर. वासराला पाजून तांब्याभर उरलं तर नशीब. ४८ फ्लॅटांना कुठनं पुरणार?

क-३०३ आजोबा: तांब्याभर मलाच द्या.

ड-३०५ ताई: 😄 काकू, दूध केंद्रावर तपासायचं असेल तर नीट ढवळून घ्या. सुरुवातीच्या धारांना फॅट कमी, शेवटच्या धारांना भरपूर. आणि ठेवलेल्या दुधात फॅट वर तरंगते, नुसतं वरचं ओतून नेलंत तर आकडा फसवा येईल.

(दुसऱ्या दिवशी)

ब-२०३ काकू: यांनी केंद्रावर नेलं होतं. फॅट ३.७, एसएनएफ ८.५. पाणी नाही, मी कबूल करते. पण म्हशीचा दर लावून गाईचं पाजतोय, ही कसली रीत? उद्या सकाळी साडेसहाला गेटवर त्याला थांबवते. अ-४०२, तुम्ही पण खाली या. आकडे तुमच्याच तोंडून शोभतात.

अ-४०२ दादा: येतो. पण साडेसहा म्हणजे साडेसहाच ओ काकू, तो सहा चाळीसला जातो.